उस्तादांच्या पायाची सवय

आमचं गाव कन्नडच्या डोंगराकडं. आम्ही धनगर, बापाची मेंढरं व्हती, पण माझं ध्यान मेंढरांत कमी अन् घाटातून वर चढणाऱ्या ट्रकांच्या आवाजात जास्त. बाप म्हणला, तुझ्यानं हे व्हणार नाय, जा शहरात. तसा मी छावणीत आलो, तवा शहराला औरंगाबादच म्हणायचे, अन् उस्तादांच्या गॅरेजात लागलो. तीस वर्षं झाली. उस्ताद गेले, गॅरेज आता मीच बघतो.

उस्ताद म्हंजी काय सांगू तुम्हाला, जिभेला लई तिखट पण हाताला देव. त्यांची एक पद्धत व्हती. गाडी नीट झाली की चालू ठेवायची, बॉनेट उघडायचं अन् इंजिनावर काठोकाठ भरलेला चहाचा गिलास ठेवायचा. गाडी थरथरली की चहा सांडणार. सांडला नाय तर तो चहा मेकॅनिकचा. सांडला तर उस्ताद म्हणायचे, बाबू, चाय तो इंजन पी गया, अब तू पानी पी. अन् पुन्हा सगळं खोलायला लावायचे. पहिल्या वर्षी मी नुसतं पाणीच पिलो, खोटं कशाला बोलू.

मग इंजिनाला कॉम्प्युटरचा डब्बा लावलेल्या गाड्या आल्या. आमच्या लाइनीतले निम्मे मेकॅनिक घाबरले, पण उस्ताद पन्नाशीत नवं शिकले अन् मला समजावलं, ये डब्बा सब याद रखता रे. इंजिनाला हवा किती लागती, चालवणाऱ्याचा पाय कसा पडतो, सगळं ध्यानात ठेवतो. बॅटरीची तार काढली की विसरतो, पाटी कोरी. त्यांनी स्वतःला पण तसलीच एक पांढरी गाडी घेतली व्हती. ती ते एवढ्या हलक्या पायानं चालवायचे की मागं बसलेली चाची, म्हंजी त्यांची बायको, झोपून जायची.

उस्ताद गेल्यावर चाचीनं चावी माझ्याकडं दिली. दवाखाना असो, बाजार असो, मीच नेतो. मागल्या साली ती गाडी उभ्या उभ्या थरथरायला लागली. हवेच्या झडपेत काजळी साचली व्हती, ती मी साफ केली, तर गाडी जास्तच बिघडली. इलाज मला ठाऊक व्हता. झडप साफ झाली पण डब्ब्याला काजळीचीच सवय, ती पुसायची, बस. तार काढायची, थोडं थांबायचं, परत जोडायची. पण माझा हात बॅटरीकडं जाईना. त्यात उस्तादांचा पाय व्हता ना. तो पुसला की ते दुसऱ्यांदा गेले, असं वाटायचं मला. आठ महिने तशीच चालवली. लाइनीतले हसायचे, म्हणायचे, वैद्याचंच पोर खोकतंय.

मग चाचीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दिवस आला. क्रांती चौकाच्या सिग्नलला गाडी बंद पडली. चालू केली, परत बंद. तीनदा. मागून हॉर्न, शिव्या, अन् चाचीला धड दिसत नाय, तिनं दार घट्ट धरून ठेवलेलं. पोचलो तवर वेळ गेली व्हती, डॉक्टर म्हणले, पुढच्या आठवड्यात या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर चाचीनं विचारलं, तेरेकू मालूम है ना क्या बिगड्या? मग मी सगळं सांगितलं, सांगता सांगता रडलो बी. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणाली, उनों अपना पाव डब्बे में रखके गए क्या रे? इत्ते साल तेरेकू सिखाए, तेरे में कुछ नै रख्या? उनकी गाडी भर चौक में खांस रई. चल, तार निकाल.

काढली. अंगणात दोघं थोडा वेळ थांबलो. मग तार जोडली, गाडी चालू केली अन् ॲक्सिलेटरला पाय लावलाच नाय, तिचं तिला शिकू दिलं. आधी आवाज वर जायचा, खाली यायचा, मग हळूहळू एका जागी बसला. चाची भिंत चाचपत आत गेली अन् गिलास घेऊन आली, काठोकाठ. मी तो इंजिनावर ठेवला. तिनं विचारलं, सांड्या क्या? म्हणलं, नाय चाची. हिल्या? नाय. मग म्हणाली, तो फिर पी, तेरा है.

तो चहा मी उभ्यानं पिलो. साखर लई व्हती, तरी गिलास रिकामा केला.

आठवड्यानं ऑपरेशन झालं. आता चाचीला चांगलं दिसतं, म्हणून रोज म्हणते, गाडी कित्ती मैली रखता रे. मागं बसली की झोपते पण. गाडी आता माझा पाय शिकली. उद्या माझ्यामागं कोणी तार काढली तर काढू द्या. फक्त चहा ठेवून बघा म्हणावं.