दाखवण्यासारखं काम

नवीन नाट्यगृहात मध्यंतर झालं होतं. बायकांच्या टॉयलेटच्या रांगेत माझ्या पुढे एक आई आणि तिची आर्किटेक्ट लेक उभ्या होत्या.

"दर्शनी भाग तू काढलास ना गं?"

"तो सरांनी, आई."

"मग तो गोल जिना?"

"तोही त्यांनीच."

"रात्र रात्र मान मोडून बसतेस, मग तुझं काय आहे इथे?"

"हे."

"हे म्हणजे?"

"ही टॉयलेटं. फरशा, नळ, पाण्याचा उतार. नवीन माणसाला हेच देतात. आणि हळू बोल ना."

"मी तर मावशीला सांगून बसले, लेकीने थिएटर बांधलं."

"म्हणूनच तुला आणत नव्हते."

"सरक, माझा नंबर आला."

आई आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"बरी आहेस ना?"

"ती भिंतीवरची, धरून उठायची दांडी कोणी लावली?"

"मी. का?"

"हात आपसूक तिच्यावर गेला. गुडघा कुरकुरलासुद्धा नाही."

"हं."

"त्या रविवारी टेप घेऊन मला सारखी उठबस करायला लावत होतीस, ती यासाठी?"

"तुझंच माप आहे ते. प्रत्येक मजल्यावर."

आईने वळून पुन्हा एकदा आत त्या दांडीकडे डोकावून पाहिलं.

"चल आई, घंटा झाली."

"होऊ दे. आधी वरच्या मजल्यावरचं दाखव."