खंदकातली तपासणी

हसायचं तर हसा, पण मला ते आठवलं की अजून राग येतो. लढाईचे दिवस होते, फॅक्टरीत रात्रंदिवस पाळ्या चालू होत्या आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत स्फोटक रसायनं तपासायचो. आडवं होऊन मान वळवली की जग गरगर फिरायचं. एखाद्या वेळी बाटली हातात असताना असं झालं तर? या धास्तीने मी फॅक्टरीच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी मला पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. मी आपला खांबासारखा उभा!

"साहब, आप तो एकदम फिट हैं."

"डॉक्टरसाहेब, चक्कर उभ्याने नाही, आडवं झाल्यावर येते."

"तो ड्यूटी पर लेटते क्यों हैं?"

कंपाउंडर खो-खो हसला. एवढा शिकलेला मी, पण मलाच वाटलं, आपण सोंग तर नाही करून राहिलो?

तेवढ्यात हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा झाला. नियमाप्रमाणे आम्ही सगळे धावत जाऊन खंदकात पालथे पडलो. मी मान वळवली आणि जमीनच फिरली. शेजारी डॉक्टर होते. मी त्यांची कॉलर घट्ट धरली.

"आली डॉक्टरसाहेब, आली! माझे डोळे बघा, चक्कर असली की बुबुळं थरथरतात!"

बॉम्बच्या दणक्याने जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांत धरलेला रुमाल त्यांनी काढला. "घबराइए मत साहब, सिर्फ प्रैक्टिस है."

वर आल्यावर कंपाउंडरला म्हणाले, "लिखो, चक्कर नहीं, हवाई जहाज का डर है."

अहो, भोंगा थांबेपर्यंत डोळे गच्च मिटून पडले होते ते, आणि भित्रा ठरलो मी!