पत्रातला गाळलेला शब्द

मास्तराला सगळं इंग्रजी येतं म्हणता ना, मग माझीच फजिती ऐका. लढाईच्या दिवसांत मी तिसगावात शिकवायचो. सखूबाईचा रामा पलटणीतून इटलीला गेला होता. त्याची पत्रं मीच तिला वाचून दाखवायचो, उत्तरंही मीच लिहायचो. पत्रात जागोजागी असायचं, ‘कापीश?’ ‘आये, माझ्यापायी उपास धरू नको. कापीश?’ शब्द डिक्शनरीत सापडेना, आणि ‘मला माहीत नाही’ म्हणायला जीभ वळेना. मी सरळ गाळून वाचायचो.

पुढं रामा लढाईत पडल्याची तार आली. लढाई संपल्यावर त्याचा जोडीदार सखूबाईला भेटायला आला, तेव्हा मी तिथंच होतो. उठताना तो तिला म्हणाला, “जिवाला जप मावशे. कापीश?”

मी चमकलो. “म्हणजे काय रे?”

“समजलं का, मास्तर. इटलीतल्या लोकांचा शब्द. आमच्या गोऱ्या साहेबांनी उचलला, त्यांच्याकडनं आमी. समोरच्यानंबी कापीश म्हनायचं, म्हंजी समजलं. रामा लई वाट बघायचा. म्हनायचा, आय समदं कळवती, येवढंच कळवत न्हाई.”

सखूबाई माझ्याकडं बघतच राहिली. “मास्तर, हे तुमी कवा वाचलंच न्हाई.”

कोनाड्यातली पत्रं काढून तिनं त्याच्या हातात दिली. “तू वाच बाबा. पैल्यापास्नं.”

तो वाचू लागला. “आये, माझ्यापायी उपास धरू नको. कापीश?”

“कापीश, रामा,” सखूबाई म्हणाली.