खुर्चीच्या पाठीवरचं बोट

आबा : आता डोळे मीट, तनया. कल्पना कर, तू सतरा वर्षांची आहेस, अंगात जड रेशमी झगा आहे आणि अख्खी संध्याकाळ तुला एका खुर्चीमागे उभं राहायचंय.

तनया : आबा, गोष्ट सांगून उपयोग नाही. मी नाइन म्हटलंय ना? नाही म्हणजे नाही. आज तुम्ही माझ्या कॉन्सर्टला यायचं नाही.

आबा : बरं. पण निघायला अजून वेळ आहे. तोवर डोळे मिटायला काय हरकत?

तनया : मागच्या वेळी मी व्हायोलिन वाजवत होते आणि तुम्ही मध्येच "वाहवा!" केलंत. एवढ्या मोठ्यांदा! सगळे वळून बघायला लागले. माझा बो घसरला. माझ्या वर्गातली ती लेओनी तर फिदीफिदी हसली. इतकं पाइनलिख झालं!

आबा : लाज वाटली तुला.

तनया : मग काय! इथे मध्ये बोलत नाहीत, आबा. खोकला आला तरी दाबून ठेवतात.

आबा : आणि आमच्या मिरजेत गाण्यात चांगली जागा आल्यावर कुणी काही बोललं नाही, तर गाणाऱ्याला वाटतं मंडळी झोपली. जन्माची सवय गं. निघून गेलं तोंडातून.

तनया : म्हणूनच घरी थांबा. आई व्हिडिओ काढेल.

सुनेत्रा : तनया! आबा पुढच्या आठवड्यात मिरजेला परत चाललेत. मग समोर बसून कधी ऐकणार ते तुझं?

आबा : असू दे, सुनेत्रा. कार्यक्रम तिचा आहे, तिनंच ठरवायचं. मी आपली खुर्चीची गोष्ट सांगतो. रविवारी आपण तो छोटा श्लॉस, तो जुना राजवाडा, बघायला गेलो होतो. तिथल्या जिन्यातलं चित्र आठवतं?

तनया : निळ्या झग्यातली बाई? जिचं एक बोट असं वर आहे?

आबा : तीच. आपण तिला आमालिया म्हणू.

तनया : म्हणजे ही खरी गोष्ट नाही?

आबा : चित्र खरं, गोष्ट माझी. संस्थान लहानसं, आपल्या सांगली-मिरजेएवढं. आमालिया मोठ्या घराण्यातली मुलगी, राणीसाहेबांच्या दिमतीला राहायला आलेली. त्यांची शाल सांभाळायची, पत्रं वाचून दाखवायची, पत्त्यांत त्यांच्याकडून हरायचं.

तनया : मुद्दाम?

आबा : मुद्दामच. आणि गाणं-वाजवणं असलं की त्यांच्या खुर्चीमागे उभं राहायचं. दरबाराची रीत अशी, की राणीसाहेबांनी हात हलवल्याशिवाय कुणी टाळी वाजवायची नाही. हसायचं नाही, मान डोलवायची नाही. आणि राणीसाहेबांना संगीतात काडीचा रस नव्हता.

तनया : तुम्ही तिथे असतात तर तुम्हाला तुरुंगात टाकलं असतं.

आबा : पहिल्याच दिवशी! तर अशा दरबारात ख्रिस्टोफ नावाचा नवा व्हायोलिनवाला आला. आडगावचा, बुजरा. वाजवताना समोर बघावं तर सगळे चेहरे दगडाचे. त्याला वाटलं, आपलं वाजवणं कुणालाच आवडत नाही. गाशा गुंडाळून गावी परत जायचं त्यानं ठरवलं. हे आमालियाच्या कानावर आलं. तिला तर त्याचं वाजवणं फार आवडायचं. पण बोलायची सोय नाही. आता तू खुर्चीमागे उभी आहेस. काय करशील?

तनया : मी... थांबा. मी राणीच्या मागे आहे. म्हणजे राणीला मी दिसत नाही. पण त्याला दिसते! बोट! खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा आणि बोट उचलायचं!

आबा : गेनाऊ! अगदी बरोबर!

तनया : आई, आबा गेनाऊ म्हणाले!

आबा : शिकतोय तुमची इथली भाषा हळूहळू. सुरेख जागा आली की आमालियाचं बोट वर. ख्रिस्टोफनं ते पाहिलं आणि राहिला. पुढे राणीसाहेब गेल्या. आमालिया स्वतःच्या घरी राहायला गेली. खालची मोठी खोली तिनं वाजवणाऱ्यांना देऊन टाकली. हिवाळाभर तिथे शेगडी पेटलेली. तार तुटली तर नवी तार, सराव संपला की गरम सूप. कुणीही नवखं यावं, वाजवावं. म्हातारी होईपर्यंत तिनं हे चालवलं. पण दाद द्यायची ती बोट उचलूनच.

तनया : का? घर तर तिचंच होतं. ओरडली असती तरी चाललं असतं.

आबा : ख्रिस्टोफनंही हेच विचारलं. ती म्हणाली, "टाळी सगळ्यांना ऐकू जाते. हे फक्त तुला दिसतं."

तनया : ...आबा, तुम्हाला जमेल? नुसतं बोट? अजिबात आवाज नाही?

आबा : जमवतो. मान डोलवली तर?

तनया : थोडीशी. तोंड मात्र बंद. चला, बूट घाला, ट्राम जाईल.

(संगीतशाळेचं सभागृह. दुसऱ्या रांगेत सुनेत्रा आणि आबा कुजबुजतायत.)

सुनेत्रा : तनया दारात त्या लेओनीशी बोलतेय. भांडतायत की काय दोघी?

आबा : हातवारे तर चाललेत.

सुनेत्रा : आणि आबा, तोंडाला रुमाल कशाला?

आबा : बंदोबस्त.

सुनेत्रा : श्श. तनयाचं नाव घेतलं. आली...

(तनया वाजवतेय. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर आबांचं एक बोट वर उचललेलं.)

सुनेत्रा : आबा, संपलं. काढा रुमाल. सगळे टाळ्या वाजवतायत, आता चालेल.

आबा : वा! वा गं पोरी! शेवटी केवढी थांबली त्या सुरावर, ऐकलंस?

सुनेत्रा : दोनदा तुमच्या बोटाकडे बघून हसली. पण गेली कुठे? जागेवर नाही आली.

आबा : येईल. लेओनीची पाळी आहे बघ.

सुनेत्रा : अगं बाई, किती घाबरलीय ही. सुरुवातच चुकली. थांबली.

आबा : धीर धर. पुन्हा घेतेय... हां. सावरली. सावरली बघ. पण ही सारखी बघतेय कुणाकडे?

सुनेत्रा : पुढे कडेला एक रिकामी खुर्ची आहे ना, तिच्या मागे बघा. तनया उभी आहे. पाठीवर हात ठेवून.

आबा : मला इतकं बारीक दिसत नाही गं. बोट?

सुनेत्रा : वर आहे, आबा.