कारण लिहून काढा

(कुलगुरूंची खोली. बाजूच्या सभागृहात व्यवस्थापन मंडळ बसलं आहे.)

कुलसचिव: ...एवढं एकच प्रकरण काढायचंय, बाई. विद्यापीठाच्या शंभर वर्षांच्या इतिहासातलं एक. बाकीचं पुस्तक तुम्ही लिहिलंय तसंच छापू म्हणतात.

कुलगुरू: आणि त्या पोराचं काय करायचं?

कुलसचिव: त्याचा उल्लेख ठेवा की. 'ग्रंथालयात एका विद्यार्थ्याचा दुर्दैवी मृत्यू झाला.' मंडळाच्या अध्यक्षांना तेवढं चालेल.

कुलगुरू: दुर्दैवी. म्हणजे लाठी दैवानेच मारली.

कुलसचिव: अध्यक्षांची बाजूही बघा ना. त्या वेळचे कुलगुरू त्यांचे वडील. संपावरच्या मुलांना हटवायला पोलीस त्यांनीच आत बोलावले, हे शताब्दीच्या पुस्तकात छापायचं म्हणजे...

कुलगुरू: नंतर ते त्या पोराच्या घरी गेले होते, हेही मीच लिहिलंय. आईने दार उघडलं नाही, तेही.

कुलसचिव: हे तुम्हाला त्या आईनेच सांगितलं?

कुलगुरू: किती खेपा घातल्या मी. मलाही दार उघडेना. मग एकदा उघडलं आणि म्हणाली, 'विद्यापीठातून आलीस ना? मग उभ्यानेच ऐक.' सगळं उभ्यानेच ऐकलं. शेवटी विचारलं तिने, 'छापणार का?' मी हो म्हटलं. तेव्हा मी हंगामी प्राध्यापक होते रे. शब्द देण्याइतकंही माझ्या हातात काही नव्हतं.

कुलसचिव: म्हणून तर कळकळीने सांगतोय. 'बंदरातल्या हमालांचा इतिहास, हा काय इतिहास?' असं म्हणून तुमची बढती अडवली होती लोकांनी. तिथून इथवर आलात. या खुर्चीत बसलेली पहिली बाई तुम्ही. एका प्रकरणापायी सगळ्यावर पाणी सोडायचं?

कुलगुरू: खुर्चीसाठी नव्हते निघाले मी. खुर्ची वाटेत लागली.

कुलसचिव: मग राजीनामा तरी द्या. प्रकृतीचं कारण लिहू. मानाने जाल. निरोप समारंभही करू म्हणतात.

कुलगुरू: प्रकृतीला काय धाड भरलीय माझ्या? या मजल्यावर रोज जिन्याने येते. लिफ्ट तुमच्या अध्यक्षांना लागते.

कुलसचिव: नाही दिलात तर काढतील. आजच.

कुलगुरू: काढू देत. पण कारण लिहून काढायचं. राजीनामा दिला, तर उद्या कुणी शोधायला बसला की त्याला काय सापडेल? एक आजारी म्हातारी. काढलं, तर इतिवृत्तात लिहावं लागेल का काढलं ते. हे त्यांना जड जाणार, मला नाही.

कुलसचिव: आणि पुस्तक? ते तर अडवतीलच.

कुलगुरू: अडवू देत. ते प्रकरण मी बाहेर छापीन. आणि सोमवारी पहिल्या वर्षाचा तास घ्यायला येईन. कुलगुरूपद त्यांच्या हातात आहे, प्राध्यापकपद नाही. हा नियम तूच मला वाचून दाखवला होतास.

कुलसचिव: तासाला शिकवणार काय?

कुलगुरू: काढलेलं प्रकरण.

कुलसचिव: हसू नका, बाई. मंडळाचा सचिव मी आहे. इतिवृत्त मला लिहायचंय. ते म्हणणार, 'प्रशासकीय कारणास्तव' एवढंच लिही.

कुलगुरू: म्हणतीलच.

कुलसचिव: दोन्ही मुली अजून शिकतायत. हिची नोकरी गेल्या वर्षी सुटली.

कुलगुरू: ठाऊक आहे मला. मी तुझ्याकडे काही मागत नाहीये.

कुलसचिव: तेच तर. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

कुलगुरू: जा आता. खोळंबलेत ते. मी राजीनामा देत नाही म्हणून सांग.

कुलसचिव: सांगतो. खोळंबू देत जरा.

कुलगुरू: आता काय राहिलं?

कुलसचिव: त्या पोराचं पूर्ण नाव सांगा, बाई. कारण लिहायचं तर ते लागेल.