मेजावरचा दुसरा पेला

(धुळ्याजवळचं एक गाव, १९३२. ख्रिस्ती मंडळीचं लहानसं मंदिर. प्रभुभोजनाच्या आधीची वेळ.)

यशोदाबाई : पितांबर! प्रभूच्या मेजावर दोन पेले?

पितांबर : दोन? मडमसाहेबांनी दिलेला तो एकच मी पुसून ठेवला होता, अक्का.

यशोदाबाई : मग हा पितळी कुणाचा? मेज लावणारा तूच ना? भिल्ल घरांचा बाप्तिस्मा होऊन महिना नाही झाला, आणि त्यांचा पेला वेगळा? अरे देवा!

पितांबर : शपथ घेऊ नये, नाहीतर घेतली असती. मी नाही ठेवला, अक्का.

वना : भाऊवर रागावू नका, अक्का. हाऊ पेला मना शे. मीच ठेवा.

यशोदाबाई : तू? कशाला रे वना?

वना : बठ्ठास्नी सोय व्हवाले. गावमां च्याना दुकानवर मी मना पेला लई जास. आठे बी लागी, असं वाटनं.

यशोदाबाई : इथे? सगळ्यांच्या सोयीसाठी? कोण म्हणालं तुला?

वना : कोनी नही म्हनं. मागला रविवारले भाऊना घर च्या पिना. मी उठनू, तं कुंदावहिनीनी त्या पेलामां इस्तव टाका.

यशोदाबाई : विस्तव? विटाळ जायला? आणि पितांबर कुठे होता?

वना : ओटावरच व्हतात. देखी राहिंतात.

यशोदाबाई : पितांबर?

पितांबर : पाहिलं, अक्का. म्हटलं, बायकांचं काम, आपण कशाला बोला.

यशोदाबाई : अरे, तुझ्या बापाला पारोळ्याच्या विहिरीवर वरून ओंजळीत पाणी ओतायचे! दर नाताळला हीच साक्ष देऊन रडवतोस ना आम्हाला?

पितांबर : पुरे, अक्का. तोंड दाखवायला जागा नाही मला.

वना : मनं चुकनं का? लई जास मी पेला परत.

पितांबर : नको नेऊस. अक्का, घंटा वाजवू नका. भावाचं मन दुखवून मी भाकरीला हात कसा लावू? कुंदाला घेऊन येतो. वनाची माफी मागू, मग भोजन.

यशोदाबाई : पाळकसाहेब येतील एवढ्यात. मंडळी खोळंबेल.

पितांबर : खोळंबू दे. वना, घसा कोरडा पडलाय रे. तुझ्या पेल्यातून पाणी दे जरा.

वना : मना पेलामां? थांबा भाऊ, राखनं घासी लयस.

पितांबर : घासू नकोस. तसाच भर.