रेखाची बर्फगाडी

नमस्कार मंडळी. सुनीलभाऊ, गौरी, तुम्हालाही. आणि शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसलेल्या नोएललाही नमस्कार. त्याला मराठी कळत नाही. आत येताना मी त्याला विचारलं, इंग्लिशमध्ये बोलू का? म्हणाला, "नको. इंजिनाला शिव्या ती तुमच्याच भाषेत द्यायची. तीच भाषा ऐकायला आलोय."

कसं बोलू कळत नाही. रेखा जाऊन पंधरवडाही झालेला नाही. दुपारी चहा टाकला की माझा हात अजून फोनकडे जातो. पण मंडळी, आज मी तुम्हाला बर्फगाडीची गोष्ट सांगणार आहे. तुमच्यातल्या पुष्कळांना वाटतं ती थाप आहे. थाप नाही! मी तिथे होते. सांगताना माझा आवाज चढेल, मला हसूही येईल. सांभाळून घ्या.

आम्ही बोकडाचं मटण आणायला गेलो होतो. साल दोन हजार नऊ, मंदीचे दिवस. आपल्यातले निम्मे लोक नोकरी राहते की जाते या धास्तीत. रेखा म्हणाली, अशा वेळी माणसांना सावजी रस्सा खाऊ घातला पाहिजे. आणि सावजी रस्सा म्हणजे बोकडच. इथल्या कोकराचं नाव काढलेलं तिला चालायचं नाही. कुणीतरी सांगितलं, डब्लिनच्या दक्षिणेला डोंगरावर एक शेतकरी मेंढ्यांबरोबर बकऱ्याही पाळतो. मी गाडी काढली. तो शेतकरी म्हणजे हा नोएल.

नोएल आम्हाला शेडमध्ये घेऊन गेला. कोपऱ्यात पोत्यांखाली काहीतरी होतं आणि त्यावर कोंबड्या बसल्या होत्या. रेखानं पोतं उचललं. स्नोमोबाइल! म्हणजे बर्फावरची मोटारसायकल समजा. पुढे दोन स्की, मागे चाकांऐवजी रुंद रबरी पट्टा. नोएलचा भाऊ तरुणपणी कॅनडात होता, परत येताना सामानाबरोबर घेऊन आला. भाऊ गेला, गाडी राहिली. गंजलेली, उंदरांनी खाल्लेली.

रेखा तिथेच शेणात गुडघे टेकून बसली. इंजिनावरची धूळ पुसली आणि ओरडली, "बाप्पा! शुभे, हे तर टू-स्ट्रोक आहे नं! आपल्या स्कूटरचा मोठा भाऊ!"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हिच्या बाबांचं नागपुरात स्कूटरचं गॅरेज आहे. शाळेतून ही थेट गॅरेजवर. दहावीत होती तेव्हा एकटीनं कार्ब्युरेटर उघडून साफ करायची. मग सुनीलभाऊंशी लग्न झालं, आयर्लंड आलं. आपल्यासारख्या नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या डिपेंडंट बायकांना तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती, ते तुम्हाला माहीत आहेच. ती उत्तम स्वयंपाक करते हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही दुसरं काही कधी विचारलंच नव्हतं.

तिनं नोएलला विचारलं, "हिचं काय करणार?"

तो म्हणाला, "काय करणार? कोंबड्या खूश आहेत."

"मला देता?"

"कोंबड्या उठव आणि घेऊन जा."

संध्याकाळी ल्यूकनला रेखाच्या घरी आमच्या मागोमाग नोएलचा ट्रेलर आला. सुनीलभाऊ, तुम्ही कांदा-खोबरं भाजून वाट बघत होतात. तुम्ही विचारलंत, "मटण?" आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. बोकड राहूनच गेला होता!

तुम्ही चिडला नाहीत. एवढंच म्हणालात, "रेखा, आयर्लंडमध्ये बर्फ कुठे पडतो?" ती म्हणाली, "पडेल नं."

मग सुरू झालं. मागच्या अंगणात ताडपत्रीचा मांडव. तिचा नियम एकच, नवीन काही विकत घ्यायचं नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसला होता. प्लगच्या भोकातून तेल ओतायचं आणि थांबायचं. रोज थोडं ओतायचं, रोज लाकडाच्या ठोकळ्यावर हलकेच हातोडी मारायची. तिनं मला ठोकळा धरायला बसवलं. मी बी.कॉम. झालेली पुण्याची बाई, पाना आणि पक्कड यातला फरक मला माहीत नव्हता. एके दिवशी ठोकळ्याखाली "टक्" झालं आणि पिस्टन केसभर सरकला. मंडळी, काय सांगू! आम्ही दोघींनी त्या ताडपत्रीखाली फुगडी घातली. खरोखरची फुगडी! शेजारीण कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "आर यू ग्रँड, गर्ल्स?" म्हणजे, ठीक आहात ना? आम्ही म्हटलं, व्हेरी ग्रँड!

सायलेन्सरमध्ये उंदराचं अख्खं घर निघालं. ठिणगी पाडणारे पॉइंट आणि कंडेन्सर एका भंगारातल्या मोटारसायकलचे. पेट्रोलची टाकी गवत कापायच्या मशीनची. पट्ट्याच्या आतली छोटी चाकंसुद्धा तशाच मोडक्या मशीनांची. इंजिनाचा बेल्ट मिळेना. शेवटी नोएलच्या ओळखीत एक जुनं कापणीयंत्र सडत पडलं होतं, त्याचा बसला. सीटला माझ्या सोफ्याचा फोम. हो, तो सोफा उंदरांनी नाही खाल्ला, तो आम्ही कापला. माझ्या नवऱ्याला हे आज कळतंय.

आणि मग दोन हजार दहाचा जानेवारी. आठवतो? बर्फ! धो धो बर्फ, शाळा बंद, रस्ते बंद. आणि आमची गाडी? पट्टा काढलेला. दोन ठिकाणी फाटलेला, जोडायला काही मिळालेलं नाही. रेखा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. बाहेर ताडपत्रीवर बर्फ साठत होता. मी काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाली, "आत्ता नको शुभे." बर्फ वितळला. प्रत्येक जण तिला सांगायला लागला, असा बर्फ आयुष्यात एकदाच पडतो गं, आता कशाला? तिचा फोन चार दिवस बंद होता. मला वाटलं, संपलं. मग तिचा फोन आला. "खदानीत दगड वाहायचा रबरी पट्टा असतो. त्याची ठिगळं लावायची. चल."

ऑक्टोबरमध्ये गाडी सुरू झाली. तिनं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं, दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. काही नाही. इंजिनाला नागपुरी भाषेत जे सांगितलं ते मी या सभेत सांगणार नाही. परत ओढली, आणि फट्! फट्फट्फट्फट्! निळा धूर, दोरीवरचे कपडे काळे, गौरी कानांवर हात ठेवून ओरडतेय, "मॅम, दॅट्स गॅस!" इथल्या पोरांच्या भाषेत मॅम म्हणजे आई आणि गॅस म्हणजे धमाल. रेखा हसत होती आणि रडत होती.

ल्यूकनच्या अंगणात ती चालवणार कुठे? नोएल गाडी त्याच्या शेतावर घेऊन गेला. ओल्या गवतावर थोडी चालवून बघितली आणि शेडमध्ये ठेवली.

आणि नोव्हेंबर संपता संपता परत बर्फ पडला. आधीपेक्षा जास्त! आयुष्यात एकदाच पडणारा बर्फ त्याच वर्षी दुसऱ्यांदा पडला!

सुनीलभाऊंनी आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी सोडलं, पुढे आम्ही चालत गेलो. मजा करायला चाललो होतो, खोटं कशाला बोलू. पण वर नोएलचा चेहरा उतरलेला. त्याच्या गाभण मेंढ्या वरच्या कुरणात अडकल्या होत्या. चारा बर्फाखाली गाडलेला. ट्रॅक्टर उताराच्या बर्फावरून घसरून भिंतीला लागला होता. नोएलचं कंबरेचं दुखणं असं, की चढून जाणं शक्य नाही. म्हणाला, "उद्यापर्यंत त्या राहणार नाहीत."

रेखानं शेडमधून गाडी बाहेर ढकलली. मागे दोरानं एक जुना पत्रा बांधला, त्यावर गवताचे गठ्ठे. दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात सुरू! मला म्हणाली, "बस मागे. गठ्ठे पडले तर ओरड."

मंडळी, मी तुम्हाला कसं सांगू! तो पांढरा चढ, कापणीयंत्राचा बेल्ट किंचाळतोय, मी तिच्या पोटाला मिठी मारलेली, आणि ही नागपूरची बाई गाणं म्हणतेय! मधेच गाडी एका बाजूला कलली. मी ओरडले, "मेले!" ती म्हणाली, "मरत नाहीस, डावीकडे झुक!" मी झुकले. गाडी सरळ झाली. वर पोचलो, तेव्हा मेंढ्या एका दगडी भिंतीच्या आडोशाला एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. पाठींवर बर्फ. आम्ही गठ्ठे फोडले. पहिल्यांदा एक पुढे आली, मग सगळ्या. गवत चावल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. अंधार पडायच्या आत आम्ही तीनदा वर गेलो. नंतर थंडी हटेपर्यंत ती तिथेच राहिली आणि रोज चारा नेत होती. आणि नोएल, पुढच्या वसंतात तुझ्याकडे कोकरं झाली. नोएलला कळलंय मी काय म्हणतेय. बघा, मान हलवतोय.

त्या पहिल्या संध्याकाळी तिनं नागपूरला फोन लावला. फोन थेट चालू इंजिनाजवळ धरला. बाबांनी कान देऊन ऐकलं. मग एवढंच विचारलं, "ऑइल थोडं जास्त झालं का, रेखू?"

"हो बाबा," ती म्हणाली, "थोडं जास्त झालं."

पुढे कामाची परवानगी मिळाल्यावर तिनं गवत कापायची मशीनं दुरुस्त करायला घेतली, आणि अर्ध्या ल्यूकनची मशीनं तिच्या अंगणात यायला लागली. तिला अजून खूप करायचं होतं. आजारानं सवड दिली नाही.

शेवटच्या आठवड्यात मी तिच्याजवळ बसले होते. एक तरुण नर्स आली, सलाईन बघता बघता विचारलं, "तुम्ही स्वतः काय करता, रेखा?" रेखाला बोलताना धाप लागत होती. तरी म्हणाली, "मेकॅनिक." नर्स हसली. "हो? माझी गाडी सकाळी सुरू केली की किंचाळते." रेखानं डोळे मिटून विचारलं, किती वेळ किंचाळते, पावसात जास्त का, स्टिअरिंग वळवल्यावर वाढतं का. मग म्हणाली, "बेल्ट सैल आहे. तुटायच्या आधी बदल."

काल मी रेखाचं राहिलेलं सामान आणायला हॉस्पिटलात गेले होते. ती नर्स जिन्यात भेटली. बेल्ट बदललाय. गाडी अजिबात किंचाळत नाही.

आता आपण उभे राहूया. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. नोएल, प्लीज स्टँड.

जा म्हणायची आपल्यात रीत नाही. म्हणून रेखा, ये गं. सांभाळून ये.